चार दगड, एक थडगं: बेटावरचं चॅपेल हे चॅपेलच होतं, ते ठरवतात कसं?

ओली_वाळू | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, कामानिमित्त सात महिन्यांपासून गर्न्सीत आहे. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातलं हे बेट, त्यातही फ्रान्सला जास्त जवळ. राजा इंग्लंडचा, गल्लीबोळांची नावं फ्रेंच, आणि कागदोपत्री युनायटेड किंगडममध्ये नाहीच. घरमालकीणबाईंनी हे पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं.

काल ऑफिसातल्या एकासोबत पश्चिम किनाऱ्याला गेलो होतो. तिथे शापेल दोम हू नावाचं पिटुकलं बेट आहे. ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. मुंबईत पाच मीटरची भरती आली की बातमी होते, त्यावरून अंदाज घ्या. बेटावर बघण्यासारखं काय, तर गवत, ग्रॅनाइट आणि वारा. मला गवताखाली दगडांची एक ओळ दिसल्यासारखी वाटली. सोबतच्याला तीही दिसली नाही.

तर २०१७ मध्ये इथे उत्खनन झालं. समुद्र बेट कुरतडतोय, म्हणून आहे ते वाहून जायच्या आत खणून बघायचं होतं. लोक असं धरून चालले होते की मध्ययुगात इथे साधूंची एकांतात राहायची जागा असणार, बहुधा प्रार्थनेची छोटी खोली, म्हणजे चॅपेलही. खणताना व्यवस्थित कापलेला एक खड्डा लागला. पूर्व-पश्चिम, कडा नीट, अगदी ख्रिस्ती थडग्यासारखा. सगळ्यांना वाटलं, साधूबाबा सापडले. आत निघाला पॉरपॉइज! म्हणजे डॉल्फिनचा चुलतभाऊ.

प्रश्न पॉरपॉइजचा नाही (तोही आहेच). प्रश्न हा, की एवढ्याशा दगडांवरून इथे चॅपेल होतं असं लोक ठरवतात कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पुणेरी_पाटी | रविवार, रात्री ९:५२

गर्न्सी हे गाईच्या जातीचं नाव आहे असं मी आजवर समजत होतो.

ओली_वाळू | रविवार, रात्री ९:५८

@पाटी, गायच आहे ती. जर्सीसुद्धा शेजारचं बेट. आपल्याकडे गावोगावी जर्सी गाय पोचली, गर्न्सी मागे राहिली, याचं इथल्यांना वाईट वाटत असणार. दोन्ही बेटांतून विस्तव जात नाही. हे त्यांना बेडूक म्हणतात, ते यांना गाढव. आणि गंमत म्हणजे उत्खनन करणाऱ्या इथल्या पुरातत्त्वज्ञांचं नाव फिलिप द जर्सी.

चिकूची_फोड | रविवार, रात्री १०:०३

कोल्हापूरकर सोलापूरला बदलून गेला की असंच होतं.

दगडफोड्या | रविवार, रात्री १०:२१

मी गेली अठरा वर्षं सह्याद्रीत भटकतोय. माझं प्रामाणिक मत सांगतो, हलके घ्या. गडावर चौथरा दिसला की गाइड म्हणतो सदर. मोठा असेल तर राजवाडा. कोपऱ्यात असेल तर राणीवसा. खड्डा असेल तर धान्यकोठार, आणि खड्ड्यात पाणी असेल तर राणीचं स्नानगृह. आमच्या एका ग्रुपने एका किल्ल्यावर ‘दारूकोठारा’चे फोटो काढले होते. परत उतरताना कळलं, ती वनखात्याची पडकी चौकी.

युरोपातही तेच चालत असणार. चार दगड पूर्व-पश्चिम लागले की चॅपेल! पूर्व-पश्चिम तर आमचा गावचा गोठाही आहे.

मातीखालचं | रविवार, रात्री ११:१४

@दगडफोड्या, गोठ्याचा मुद्दा खरंच चांगला आहे, म्हणून त्यावरच लिहिते. (पुरातत्त्वात एम.ए. केलं, दोन हंगाम खणलं, आता बँकेत आहे. तेव्हा जाणकार वगैरे नको.)

नुसत्या दिशेवरून कोणी शहाणा माणूस चॅपेल म्हणत नाही. चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते, म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांबट. मृताला पुरतात तेही डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे अखेरच्या दिवशी उठल्यावर तोंड पूर्वेला यावं. पण लहानशा बेटावर वाऱ्याला पाठ करून झोपडी बांधायची म्हटलं तर तीही पूर्व-पश्चिम होऊ शकते. दिशेने फक्त शंका घ्यायची. पुरावा म्हणजे एकावर एक बसणाऱ्या गोष्टी, आणि त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट भिंत नसते, तर भिंतीभोवतीची थडगी असतात.

आयर्लंडच्या केरी परगण्यात व्हॅलेन्शियाजवळ चर्च आयलंड नावाचं बेट आहे. तिथे १९५५-५६ मध्ये ओ'केली यांनी खणलं. वर दगडी प्रार्थनाघर होतंच, ते सगळ्यांना दिसत होतं. त्याच्या खाली खांबांचे खड्डे मिळाले, म्हणजे आधीचं लाकडी प्रार्थनाघर. लाकूड केव्हाच कुजलं, मातीत फक्त काळे डाग उरलेले. पण तिथल्या जुन्या थडग्यांची दिशा दगडी इमारतीशी जुळत नव्हती, खालच्या लाकडी इमारतीशी जुळत होती! लोक आपली माणसं त्या लाकडी खोलीकडे बघून पुरत होते. आता सांगा, गोठ्याकडे बघून कोण माणूस पुरतं?

दगडफोड्या | रविवार, रात्री ११:२०

हे पटलं. गोठा मागे घेतो.

खडूस_आत्या | रविवार, रात्री ११:३१

गोठा कसला मागे घेतोस, ओली_वाळूने काय लिहिलंय ते परत वाच. थडगं होतं, दिशा बरोबर होती, आणि आत मासा होता. म्हणजे तुमची ‘सगळ्यात बोलकी गोष्ट’ थाप मारत होती की!

मातीखालचं | रविवार, रात्री ११:३८

आत्या, तेच तर. झोपते आता, उद्या लिहिते.

हर्णैकर | सोमवार, सकाळी ६:१५

मासा नव्हे तो. आमच्याकडे त्याला गादा रेडा म्हणतात. डॉल्फिन काय न् त्याचा चुलतभाऊ काय, आम्हाला सगळे गादेच. श्वास घ्यायला वर येतो तेव्हा रेड्यासारखा फुत्कारतो. जाळ्यात आला तर आमचे जुने लोक सोडून द्यायचे, अजूनही देतात. तिकडचे साधू खायचे का?

ओली_वाळू | सोमवार, सकाळी ११:०५

@हर्णैकर, खायचे! मध्ययुगात युरोपात पॉरपॉइज चांगल्या पंगतीत असायचा. तो पाण्यात राहतो म्हणून मासा धरायचे, त्यामुळे उपवासालाही चालायचा. नावच मुळात लॅटिनमधून आलंय, ‘पोर्कुस’ म्हणजे डुक्कर आणि ‘पिस्किस’ म्हणजे मासा. तुमचा रेडा, त्यांचं डुक्कर.

चिकूची_फोड | सोमवार, सकाळी ११:१०

उपवासाला डुक्करमासा. आणि आमच्या घरी भेंडी चालते की नाही यावर दर एकादशीला बैठक बसते.

कपेलवाडो | सोमवार, दुपारी १:३०

गोव्याहून लिहितोय. नावाकडे कोणी बघितलंच नाही. ‘शापेल’ म्हणजे आमचं कपेल. ‘दोम’ हा बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या नावापुढे लावायचा मान, लॅटिन ‘दोमिनुस’वरून. आमच्याकडे पोर्तुगीज राजांच्या नावापुढे दॉम यायचं, तेच हे. ‘हू’ म्हणजे ह्यू हे माणसाचं नाव. तेव्हा सरळ अर्थ ‘ह्यूबाबांचं कपेल’. बेटाला हे नाव उगाच पडलं असेल का? माती खोटं बोलेल, पण गावची जीभ सहसा बोलत नाही.

दगडफोड्या | सोमवार, दुपारी १:४४

@कपेलवाडो, इथे मात्र मी परत गोठ्यात. नावावर अजिबात विसंबू नका. आपल्याकडे दर तिसऱ्या डोंगरात ‘पांडवलेणी’ आहेत आणि एकही पांडवांनी कोरलेलं नाही. प्रत्येक ओढ्यात सीतेची न्हाणी. नाव एवढंच सांगतं, की नाव ठेवणाऱ्याला काय वाटलं.

कपेलवाडो | सोमवार, दुपारी २:०२

बरोबर. पण पांडव हे पुराणातले, आणि ह्यूबाबा कोणाच्याही पुराणात नाहीत. अशा अप्रसिद्ध माणसाचं नाव मुद्दाम कोण चिकटवेल?

मृण्मयी_१२ | सोमवार, दुपारी २:१५

हा मुद्दा कपेलवाडोंना. १-१.

आजोबा७४ | सोमवार, दुपारी ४:५०

चर्चा उत्तम चालली आहे. एक गंमत लक्षात आली. आपल्या बहुतेक देवळांचं दार पूर्वेला, देव पूर्वेकडे बघतो, भक्ताचं तोंड पश्चिमेला. चर्चमध्ये वेदी पूर्वेला, दार पश्चिमेला, भक्ताचं तोंड पूर्वेला. उगवत्या सूर्याचं महत्त्व दोघांनाही. आपण देवाला सूर्याकडे बसवलं, त्यांनी भक्ताला.

पडक्या देवळाच्या बाबतीत आपल्याला काही खुणा आयत्या मिळतात. उंबऱ्यापुढची चंद्रशिळा, गाभाऱ्याचं पाणी बाहेर नेणारी मकरप्रणाल, शिखर कोसळलं असेल तर गवतात पडलेला आमलक, म्हणजे कळसाखालचा गोल खाचांचा दगड. यातला एक दगड मिळाला तरी पुरे. त्या लहान चॅपेलांना अशी काही खूण नसते का?

मातीखालचं | सोमवार, रात्री ९:१८

आजोबा, तुमचा शेवटचा प्रश्न म्हणजे या धाग्याचं मूळच. नसते हो! बेटांवरची ही प्रार्थनाघरं म्हणजे जेमतेम खोलीएवढी, गोट्यांची आणि मातीची, नक्षी नाही, कळस नाही. वेदीचा दगड नंतर कोणीतरी चुलीला नेलेला. म्हणूनच ‘संभाव्य चॅपेल’ असा शब्द वापरावा लागतो, आणि म्हणूनच आसपासच्या गोष्टींवर जोर.

कालचा आत्यांचा चिमटा बरोबर जागी बसलाय. थडग्याचा आकार आणि दिशा म्हणजे थडगं नव्हे. पण एक लक्षात घ्या, उलटही होतं. ग्रॅनाइटवरची माती आम्लधर्मी असते, ती हाडं खाते. अशा मातीत माणसाचं खरं थडगं खणलं तरी आत काहीच मिळत नाही, असं खूपदा होतं. रिकामा खड्डा मिळाला असता, तर आपण सगळे ‘साधूचं थडगं, हाडं विरघळली’ म्हणून मोकळे झालो असतो. पॉरपॉइजची हाडं उरली म्हणून घोटाळा उघड झाला.

दुसरं, एकाच जागेचे धंदे बदलतात. स्कॉटलंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आर्डवॉल आयलमध्ये चार्ल्स थॉमस यांनी १९६४-६५ मध्ये खणलं. आधी थडगी, मग लाकडी प्रार्थनाघर, मग दगडी चॅपेल, मग कुणाचं तरी राहतं घर, आणि शेवटी दारूचा गुत्ता. सगळं एकमेकांच्या उरावर. वरवर बघणाऱ्याने कुठला थर बघितला, त्यावर उत्तर अवलंबून. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांतल्या ब्रॉख ऑफ डिअरनेसवर १९७० च्या दशकात खणलं, तेव्हा दगडी चॅपेलखाली आणखी जुनं चॅपेल निघालं आणि इंग्लंडच्या एडगर राजाचं नाणं मिळालं. एडगरचं राज्य ९५९ ते ९७५. असं एक नाणं मिळालं की पन्नास पानांचा वाद वाचतो. दोम हूला असं नाणं मिळालं असतं तर!

पुणेरी_पाटी | सोमवार, रात्री ९:२६

चॅपेल ते गुत्ता हा प्रवास फक्त स्कॉटलंडमध्येच एवढ्या सुबकपणे होऊ शकतो.

खडूस_आत्या | सोमवार, रात्री ९:३३

@मातीखालचं, वाचनखूण साठवली. चिमटा परत घेत नाही.

खारट_शेंगदाणा | सोमवार, रात्री १०:४५

मी दोन वर्षांपूर्वी कॉर्नवॉलमधल्या लू आयलंडवर गेलो होतो. (नाव लू, पण हवा अशी गार की कानटोपी घालून फिरलो.) किनाऱ्यापासून साधारण मैलभर, आता वन्यजीव संस्थेकडे आहे, त्यांच्याच बोटीने जायचं. दोन बहिणींनी १९६५ मध्ये हे बेट विकत घेतलं, तिथे राहिल्या, आणि जाताना संस्थेला देऊन गेल्या.

माथ्यावर जाऊन ‘हे चॅपेल’ असं दाखवतात तेव्हा माझीही ओली_वाळूसारखीच अवस्था झाली. गवत! पण तिथे कागद आहे. ग्लास्टनबरीच्या मठाचं हे ठाणं होतं आणि ११४४ च्या दस्तऐवजात त्याचा उल्लेख येतो. शिवाय समोरच्या किनाऱ्यावर टेकडीच्या उतारावर दुसरं चॅपेल, एकमेकांकडे बघणारं. बेटावर जाताना यात्रेकरू बुडायचे म्हणून ते किनाऱ्यावरच बांधलं, असं सांगतात. २००८ मध्ये टीव्हीवरच्या पुरातत्त्व कार्यक्रमाच्या चमूने दोन्हीकडे खणलं, तेव्हा बेटावर रोमन काळातली नाणीही मिळाली. म्हणजे साधू यायच्या कितीतरी आधी तिथे माणसांचा राबता होता.

तात्पर्य वगैरे नाही, पण ११४४ चा कागद हातात असला की गवतातही भिंती दिसायला लागतात, एवढं खरं.

दगडफोड्या | सोमवार, रात्री १०:५८

@शेंगदाणा, हेच तर माझं दुखणं! कागद वाचून गेलास म्हणून भिंती दिसल्या. न वाचता गेला असतास तर?

खारट_शेंगदाणा | सोमवार, रात्री ११:०१

तर सँडविच खाऊन परत आलो असतो.

रानजाई | मंगळवार, सकाळी ८:२०

अवांतर: दोम हूचं थडगं चौदाव्या शतकातलं असावं असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्याच शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे हरिश्चंद्रगडावर चांगदेव तप करत होते, त्यांचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके १२३४ चा, म्हणजे इसवी सन १३१२. एक बाबा केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात, एक बाबा अटलांटिकच्या वाऱ्यात. दोघांनाही माणसं नको होती.

चिकूची_फोड | मंगळवार, सकाळी ८:३१

आणि आता हरिश्चंद्रगडावर शनिवारी रात्री तंबूला जागा मिळत नाही.

कपेलवाडो | मंगळवार, सकाळी १०:१२

बेट, साधू आणि कपेल म्हटल्यावर आमचं अंजदीव आलंच पाहिजे. कारवारसमोर आहे, पण गोव्याचं. १४९८ मध्ये वास्को द गामा तिथे थांबला होता, १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. झऱ्यांच्या माऊलीचं देऊळ आहे. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, गोंधळू नका.) आता नौदलाच्या ताब्यात, सहज जाता येत नाही. मात्र तिथे ‘चॅपेल होतं का’ हा प्रश्नच येत नाही, पोर्तुगीज प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायचे.

खडूस_आत्या | मंगळवार, सकाळी १०:३०

सगळं झालं. आता मला कोणीतरी सांगा, तो गादा रेडा तिथे पुरला कोणी आणि का? मी तीन दिवस त्यासाठीच येतेय.

ओली_वाळू | मंगळवार, दुपारी १२:४०

आत्या, खणणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता. समुद्र दहा पावलांवर. खाऊन उरलेलं फेकायचं असतं तर पाण्यात फेकलं असतं, एवढा नीट खड्डा कोण खणेल? त्यांचे तेव्हाचे दोन अंदाज होते. एक, मांस मिठात घालून लपवून ठेवलं आणि घ्यायला कोणी परतलं नाही. दोन, काहीतरी धार्मिक अर्थ होता.

हर्णैकर | मंगळवार, दुपारी १:१५

मिठाचं मला पटत नाही. आम्ही मासळी खारवतो तेव्हा आधी पोट फाडून साफ करतो, मोठी असेल तर तुकडे करतो. अख्खं धूड मिठात पुरलं तर आतून सडतं. हाडांवर सुरीच्या खुणा आहेत की नाहीत, ते बघायला पाहिजे. आणि मांस लपवायला कोणी पूर्व-पश्चिम बघत बसत नाही.

मृण्मयी_१२ | मंगळवार, दुपारी १:२२

आतापर्यंतचा सगळ्यात शास्त्रीय प्रतिसाद!

पुणेरी_पाटी | मंगळवार, दुपारी १:५०

माझा अंदाज. इंग्लंडात देवमासा आणि स्टर्जन किनाऱ्याला लागला की तो राजाचा, असा कायदा होता. पॉरपॉइजवरही कोणा सरदाराचा हक्क असेल. साधूंना आयता मिळाला, वरून कोणी विचारायला आलं तर? माणसाच्या थडग्यासारखा खड्डा करा, वर क्रूस लावा. कोण उकरणार? रात्री काढून खाऊ.

चिकूची_फोड | मंगळवार, दुपारी १:५५

आमच्या होस्टेलवर श्रीखंडाचा डबा असाच ‘औषध’ लिहून ठेवायचे.

आजोबा७४ | मंगळवार, सायंकाळी ६:०५

मला साधा विचार सुचतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला रोज दिसणारा प्राणी किनाऱ्यावर मरून पडलेला मिळाला. त्याने तो आपल्या माणसासारखा पुरला. आमच्या गावात वानर मेलं की रीतसर अंत्ययात्रा निघते, भजनासकट. पाचशे वर्षांनी कोणी ते खणलं, तर तेही कोड्यात पडतील.

खडूस_आत्या | मंगळवार, सायंकाळी ६:२०

आजोबा, हे मला सगळ्यात जवळचं वाटलं. पुरावा शून्य आहे, तरी वाटलं.

दगडफोड्या | मंगळवार, रात्री ९:००

सगळं छान, पण चौदावं शतक कशावरून? @मातीखालचं तूच म्हणालीस, ती माती हाडं खाते. मग याची कशी उरली? दोनशे वर्षांपूर्वीच्या कोळ्याने पुरला नसेल कशावरून? हाडाचं कार्बन डेटिंग केलं, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय काढलं, की संपला विषय.

मातीखालचं | मंगळवार, रात्री ९:४७

शंका रास्त आहे. पण डेटिंगने विषय एवढ्या पटकन संपत नाही, इथे मोठी गोम आहे. खोल समुद्रातल्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो. तो माशांत जातो, मासे खाणाऱ्यात जातो. त्यामुळे समुद्री प्राण्याचं हाड त्याच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी चारेकशे वर्षं जुनं दिसतं. शंभर वर्षांपूर्वी मेलेला पॉरपॉइजही कागदावर अकबराच्याही आधीचा निघेल! ती दुरुस्ती करावी लागते, आणि ती जागेनुसार बदलते. भरपूर मासे खाणाऱ्या साधूंच्या हाडांनाही हाच रोग, फक्त कमी प्रमाणात. म्हणून हाडापेक्षा खड्ड्यातल्या मातीतली खापरं आणि जळक्या लाकडाचे कण जास्त भरवशाचे. तेही उंदरांनी इकडचे तिकडे केले नसतील तर.

हर्णैकर | मंगळवार, रात्री ९:५५

म्हणजे आम्हा कोकणातल्या लोकांची हाडं देशावरच्यांपेक्षा जुनी निघणार. ऐकून बरं वाटलं.

ओली_वाळू | शनिवार, रात्री ८:३०

उशिरा येतोय. आज परत गेलो, या वेळी एकटा, आणि तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद वाचून. आधी शेजारच्या लिहू बेटावर गेलो. ओहोटीला दगडी वाट उघडी पडते, जायच्या-यायच्या वेळा आधी बघाव्या लागतात. तिथे फ्रान्समधल्या मों सँ-मिशेलच्या मठाच्या अखत्यारीतल्या बेनेडिक्टाइन साधूंचा मठ होता, त्याच्या भिंती अजून थोड्या उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हे बेट तोफांच्या सरावासाठी वापरलं, त्यातून उरलेल्या. इथे शंका नाही. मठ म्हणजे मठ.

तिथून दोम हूकडे बघत बसलो आणि जरा उलगडलं. मी त्या बेटाला एकटं धरून ‘चॅपेल होतं का’ विचारत होतो. एवढ्या जवळ साधूंचा भरलेला मठ, आणि समोर ओहोटीपुरतं जोडलं जाणारं हे टिकलीएवढं बेट. मठातल्याही गर्दीला कंटाळलेला कोणी एक ह्यू तिथे जाऊन राहिला, तर तो जिथे झोपेल तिथेच प्रार्थनाही करेल. मग त्या खोलीला घर म्हणा, नाहीतर चॅपेल. दगडांना तो फरक माहीत नसणार.

मग दोम हूला गेलो, फोनमधलं होकायंत्र काढलं आणि माझी ती दगडांची ओळ शोधली. ईशान्य-नैर्ऋत्य निघाली. थोडं पुढे गेल्यावर कळलं की तो कातळाचाच पदर आहे, बेटभर तसाच जातो. माझ्या ‘भिंती’ला आपल्या सगळ्यांतर्फे श्रद्धांजली.

परतताना पाणी घोट्याच्या वर आलं होतं. बूट वाळत घातलेत.

दगडफोड्या | शनिवार, रात्री ८:४१

दारूकोठार क्लबमध्ये स्वागत आहे.

मातीखालचं | शनिवार, रात्री ८:५०

होकायंत्र घेऊन गेलास आणि भिंत नाही असं स्वतःच सांगितलंस. हंगामावर येतोस का?

रानजाई | शनिवार, रात्री ९:१५

@ओली_वाळू, आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनला येतोय, तिथून दोन दिवस तुझ्याकडे येऊ म्हणतो. त्या बेटावर जाता येईल का?

ओली_वाळू | शनिवार, रात्री ९:२२

या की! अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा, उधाणात पाणी खूप मागे जातं. मधल्या अष्टमीच्या भांगाला वाट उघडेलच असं नाही. आणि येताना मेतकूट आणा.